‘गांवगाडा’ आणि ‘गांव’ या पदाचा अर्थ

कै. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ हा ग्रंथ इ. स. १९१५ त प्रसिद्ध झाला. त्यास आतां शंभरांवर वर्षें लोटलीं, तरी महाराष्ट्रांतील ग्रामसंस्थेविषयीं कोणी लिहूं लागला कीं पहिला आधार तो याच ग्रंथाचा घेतो. आणि तें यथार्थहि आहे. चावडी, खळें, बाजार व जत्रा हीं ग्रंथकारांनीं पुस्तकांत वाचलेलीं नसून डोळ्यांनीं पाहिलेलीं आहेत. कुणब्याच्या शब्दांत कुणब्याचें दुःख सांगणारा असा दुसरा ग्रंथ त्या काळच्या मराठींत आम्हांस आढळला नाहीं. भाषेच्या दृष्टीनेंहि तो शब्दांचें भांडारच आहे. शेताभाताचे, वतनावृत्तीचे, फिरस्त्यांच्या धंद्याचे जे शेंकडों शब्द त्यांत आले आहेत, ते एरव्हीं वापराबाहेर जाऊन लुप्त झाले असते. तेव्हां या ग्रंथाची थोरवी आम्ही नव्यानें सांगावी असें नाहीं. आमचें म्हणणें आहे तें एका अरुंद परंतु संशोधकास पदोपदीं आडव्या येणाऱ्या मुद्द्यावर. ‘गांव’ या शब्दाचा अर्थ काय, आणि जुन्या कागदांतील ‘गांव’ उलगडण्यास ‘गांवगाडा’ ही किल्ली सर्वत्र चालते काय, एवढाच तो मुद्दा होय.

हा प्रश्न उपस्थित होण्याचें कारण असें. संग्राहक मित्र आपणांस मिळालेल्या मोडी कागदांच्या बालबोध प्रती टिपांसह आमच्याकडे पाहावयास पाठवितात. त्या टिपांत ‘गांव’ शब्द आला कीं, कूस, वेस, चावडी, पार, वेशींतला मारुति, कुसाबाहेरील महारवाडा व बारा बलुते असें ठराविक वर्णन उतरून दिलेलें असतें. कागद जुन्नर प्रांतींचा असला म्हणजे हें शोभतें. परंतु हेंच वर्णन आम्ही राजापूर प्रांतींच्या एका खोती गांवच्या कागदाखालीं पाहिलें, तेव्हां मात्र लेखणी खालीं ठेवावी लागली. त्या गांवास कूस नव्हतें, वेस नव्हती. माडापोफळींत विखुरलेल्या वाड्या होत्या, आणि एका वाडीपासून दुसरीस जावयाचें तर मध्यें पऱ्ह्या ओलांडावा लागे. टीपकारानें कागद वाचला होता, पण गांव वाचला नव्हता.

या बाबतींत जुन्या वैयाकरणांची मदत घेणें आम्हांस श्रेयस्कर वाटतें. पतंजलीनें महाभाष्यांत, संयोगसंज्ञेच्या सूत्राचा विचार चालला असतां, ‘ग्राम’ हा शब्द अनेकार्थी असल्याचें दाखविलें आहे. गांव जळाला असें म्हणतों तेव्हां घरांचा समुदाय अभिप्रेत असतो. गांवांत शिरला असें म्हणतों तेव्हां कुंपणानें वेढलेली जागा. गांव गेला, गांव आला असें म्हणतों तेव्हां माणसें. आणि गांव मिळाला असें म्हणतों तेव्हां रान, सीमा व मोकळी जमीन यांसह सर्व भूमि. भाष्यकारास येथें ग्रामसंस्थेचा इतिहास सांगावयाचा नव्हता, तो व्याकरणाच्या एका अडचणींतून वाट काढीत होता. पण दोन सहस्र वर्षांपूर्वीं केलेला हा अर्थभेद आमच्या मोडी दप्तरांस जसा लागू पडतो तसा अर्वाचीन समाजशास्त्राचा एकहि पारिभाषिक शब्द लागू पडत नाहीं.

पाहा. घरांचा समुदाय ती आमची पांढरी. कुंपण तें गांवकूस. माणसें तीं ‘समस्त दहीजण’ अथवा ‘पाटील व मोकदम व बलुते’ म्हणून महजरावर निशाण्या करणारीं. आणि सीमेसह भूमि ती काळी व शीव मिळून झालेली, जी इनामपत्रांत जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप यांसह दिली जाते. एकाच कागदांत हे चारी अर्थ येऊं शकतात, नव्हे येतातच. ‘गांव इनाम दिला’ यांत घरें दिलीं असा अर्थ नाहीं; ‘गांव परागंदा झाला’ यांत शीव कोठें गेलेली नाहीं; ‘गांव बेचिराग पडला’ यांत दिवा विझला तो पांढरीवर, काळीचा आकार मात्र हिशेबांत राहिलाच. ज्यानें टीप लिहावयाची त्यानें प्रत्येक स्थळीं यांपैकीं कोणता अर्थ घ्यावयाचा हें ठरविलेंच पाहिजे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. महारांचें उदाहरण घ्यावें. कुंपण म्हणजे गांव हा अर्थ धरला तर महार गांवाबाहेरचा. देशावरील वस्तीची मांडणीच तसें सांगते. भूमि म्हणजे गांव हा अर्थ धरला तर मात्र तोच महार गांवाच्या अगदीं केंद्रस्थानीं येतो, कारण शिवेचा तंटा पडला असतां शीव कोठून कोठें जाते हें सांगण्याचा अधिकार त्याचा, आणि त्यानें दिव्य करून चालून दाखविलेली शीव पाटील-कुळकर्ण्यांस मान्य करावी लागे. मनूनें सीमावादांतील साक्षीदारांस माळा व तांबडीं वस्त्रें घालून डोक्यावर माती घ्यावयास सांगितलें आहे. मराठी निवाडपत्रांतील शिवेचे विधि त्याच कुळांतले दिसतात. ज्यास वेशींतून आंत घर नाहीं त्याच्या पावलावर गांवाची हद्द ठरावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. आत्र्यांच्या ग्रंथांत महारांच्या हक्कांची व कामांची हकीकत विस्तारानें आहे, परंतु ती कुणब्यावर पडणाऱ्या भाराच्या अंगानें आहे. भार कोणाचा कोणावर, हा प्रश्न कुसाच्या बाहेरून पाहिला असतां निराळा दिसतो. तो तसा पाहून डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत खेड्याविषयीं जें कठोर भाषण केलें, त्यांत मेटकाफच्या मताचाच समाचार घेतलेला आहे. पुढें १९५८ च्या कायद्यानें मुंबई राज्यांतील कनिष्ठ ग्रामवतनें रद्द झालीं. या सर्वांचा विचार केल्यावांचून आजच्या संपादकानें ‘गांवगाड्या’च्या त्या भागास टीप लिहूं नये.

मेटकाफचें नांव निघालें म्हणून थोडें विषयांतर करितों. त्याचें मिनिट १८३० सालचें. खेडीं हीं लहान लहान प्रजासत्ताकें असून आपल्या गरजा आपणच भागवितात, राज्यें आलीं गेलीं तरी तीं तशींच राहतात, हा त्याचा अभिप्राय पुढें मेन प्रभृति ग्रंथकारांच्या द्वारें इतका पसरला कीं, तो आमच्याकडील व्याख्यानांतहि स्वयंसिद्ध सत्याप्रमाणें येऊं लागला. मेटकाफचा अनुभव दिल्लीकडील; त्या प्रांतांतील भाईचाऱ्याचीं खेडीं निराळीं, आमचीं निराळीं. आळतेकरांनीं १९२७ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील ग्रामसंस्थांचा स्वतंत्र इतिहास लिहिला, त्यांतच हें स्वातंत्र्य ओळखलें गेलें. आणि खेडीं टिकून राहतात म्हणावें, तर आमचे कागद नेमकें उलट सांगतात. दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३०-३२ चा दुष्काळ, १८०३-०४ चा दुष्काळ, या प्रत्येकामागून ओस पडलेल्या गांवांच्या लावणीचे कौल व इस्तावे निघाले आहेत. इस्ताव्याचा अर्थच असा कीं, पहिलें वर्ष थोडकें घ्यावें व वर्षानुवर्ष वाढवीत पुरत्या आकारास आणावें. जो गांव कधीं मोडलाच नाहीं त्यास इस्तावा कशाला? इनामगांव येथील पांढरी डेक्कन कॉलेजानें १९६८ ते १९८३ पर्यंत खणली, तेथें ताम्रपाषाणयुगांतील वस्ती इ. स. पूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत नांदून उजाड झालेली दिसली. चौकोनी मोठीं घरें जाऊन शेवटच्या काळांत लहान गोल झोंपड्या आल्या. शेतकरी जिला खताची माती म्हणून गाड्या भरभरून नेतो त्या पांढरींत अशीं मोडलेलीं खेडीं थरावर थर पडलेलीं आहेत.

आतां रूपांविषयीं. संस्कृत वाङ्मयांत वस्तीच्या प्रकारांची वाण नाहीं. कौटिल्यानें शंभर ते पांचशें कुळांचा, एक ते दोन कोस हद्दीचा व एकमेकांचें रक्षण करूं शकेल असा गांव वसविण्यास सांगून दहा, दोनशें, चारशें व आठशें गांवांमागें संग्रहण, खार्वटिक, द्रोणमुख व स्थानीय अशीं ठाणीं नेमिलीं. याज्ञवल्क्यानें गांव, खर्वट व नगर यांच्याभोंवतीं सोडावयाच्या कुरणाची रुंदी शंभर, दोनशें व चारशें धनुष्यें अशी चढती धरिली. मानसारादि शिल्पग्रंथांत दंडक, सर्वतोभद्र, नंद्यावर्त, पद्मक, स्वस्तिक, प्रस्तर, कार्मुक व चतुर्मुख असे आठ ग्रामविन्यास आहेत. हे शेवटचे आठ आम्हीं विद्यार्थिदशेंत मोठ्या हौसेनें पाठ केले व पुढें चाळीस वर्षें महाराष्ट्रांतील खेड्यांतून हिंडतांना त्यांपैकीं एकहि जमिनीवर पाहिला नाहीं. ते स्थपतीच्या सूत्रांत शोभतात. अमरकोश मात्र जमिनीवर आहे. गवळ्यांची वस्ती ती घोष आणि शबरांची ती पक्कण, असें तो सांगतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील धनगरवाडा पाहिला म्हणजे घोष काय तें कळतें, तेथें भाष्यकाराची जरूर राहत नाहीं. जैन आगमांच्या टीकाकारांनीं खेट म्हणजे मातीच्या तटाची वस्ती असें म्हटलें आहे. आमचें ‘खेडें’ त्याच ‘खेटा’पासून आलें, पण आज खेड्यास तट असलाच पाहिजे असें कोणी म्हणणार नाहीं, इतका शब्द झिजला.

देशावरचा एकवट गांव, गुरांमाणसांच्या रक्षणासाठीं व विहिरीच्या पाण्यासाठीं जवळ जवळ बसलेला, हा तर ‘गांवगाड्या’चा नायकच आहे, त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. कोंकणांत गांव म्हणजे वाड्यांचा समूह. तेथील ऐक्य भिंतीनें येत नाहीं. दक्षिण कोंकणांत तें ग्रामदेवतेच्या देवळांत, मानकऱ्यांच्या क्रमांत, ज्यास गांवऱ्हाटी म्हणतात त्यांत आहे. तेथील ‘गांव बसला’ या प्रयोगाचा अर्थ वस्ती झाली असा नसून मानकरी देवळांत जमले असाहि होऊं शकतो. ठाण्याकडे वारल्यांचे पाडे, गोंदियाकडे टोले, लमाणांचे तांडे, हे तर मुलकी हिशेबांत कित्येक वेळां गांव म्हणून धरलेलेच नसतात. माणसें आहेत, घरें आहेत, पण पतंजलीचा चौथा अर्थ, म्हणजे स्वतःची शीव, त्यांस नाहीं.

गोमंतकांत आणखी निराळें. तेथें गांवकरी ही मूळ वसाहतदारांच्या वांगडांची मंडळी. गांवची जमीन त्या मंडळीची, तिचा लिलांव मंडळी करणार, खर्च जाऊन उरलेलें जोण म्हणून पुरुष गांवकारांस वांटून घेणार. पोर्तुगीजांनीं १५२६ सालीं आफोंस मेशिया याच्या फोरालांत हे रिवाज लेखनिविष्ट केले, आणि कोमुनिदाद या नांवानें ही संस्था, १९६१ च्या संहितेच्या आधारें, अद्यापि उभी आहे. येथें गांव म्हणजे माणसें खरीं, पण सर्व माणसें नव्हेत. गांवांत पिढ्यान् पिढ्या राहिलेला गृहस्थ गांवकार नसला तर या अर्थानें गांवाचा नव्हेच. देशावरील थळकरी व उपरी हा भेद याच्या जवळपास जातो, परंतु तो जमिनीच्या मिराशीपुरता आहे.

जुन्या कागदांतील मुलकी संज्ञा म्हणजे मौजे, कसबे, पेठ, मजरे. यांपैकीं कसबे व पेठ यांविषयीं फारसा घोटाळा होत नाहीं. शेट्या-महाजन आला कीं पेठ ओळखतां येते. बुद्रुक व खुर्द हीं फारसी विशेषणें थोरला व धाकटा यांच्या जागीं बसलीं हेंहि सर्वश्रुत आहे. घोटाळा होतो तो मजऱ्याचा. आणि तेथें आम्हींच जी चूक केली ती येथें सांगणें प्राप्त आहे.

आम्ही शाळेंतून निवृत्त झाल्यावर एका खेड्याच्या कुळकर्णी घराण्यांतील दोन रुमाल आम्हांस वाचावयास मिळाले. त्यांतील एका निवाड्यांत शेजारच्या वाडीस ‘मजरे’ म्हटलें होतें. मजरा हा शब्द अरबी. त्याच्या धात्वर्थांत पेरणें आहे. आम्हांस लहानपणापासून व्युत्पत्तीवरून अर्थ काढण्याची खोड. पाठशाळेंत तिचें कौतुकच झालें होतें. तेव्हां मजरा म्हणजे लागवडीचें शेत, सबब त्या काळीं त्या वाडींत वस्ती नव्हती, असें टिपण आम्हीं करून दिलें. तें छापलें नव्हतें, एवढीच त्यांतली बरी गोष्ट. कांहीं वर्षांनीं त्या वाडीच्या लोकांनीं आपला गांव मुलकी दप्तरांत स्वतंत्र धरावा म्हणून अर्ज केला. आणि मूळ गांवच्या पक्षानें आमचें टिपण पुढें केलें कीं, पाहा, ही वाडी अलीकडची. वाडीचा एक वृद्ध गृहस्थ आमच्या घरीं आला. तो रागावला नाहीं; त्यानें एवढेंच विचारलें, “गुरुजी, आमच्या आज्याच्या आज्याचीं थडगीं हितं हायेत, तीं मग कुणाची?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. रुमाल पुन्हां मागवून घेतले. दुसऱ्या रुमालांत, आम्हीं केवळ आंकड्यांचे म्हणून बाजूस सारलेल्या कागदांत, खानेसुमारीची एक याद निघाली. तींत त्याच मजऱ्याखालीं घरवार नांवें लिहिलेलीं होतीं. शब्दाचा उगम शेतांत, पण त्या कागदाच्या काळीं मजरा म्हणजे मूळ गांवाच्या जमाबंदींत मोडणारी पोटवस्ती असा रूढ अर्थ होता. रूढि योगास बाधते हें आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविलें असेल! आम्हीं दुरुस्ती लिहून दोन्ही पक्षांस दिली. अर्जाचें पुढें जें व्हावयाचें तें झालें. त्याशीं येथें कर्तव्य नाहीं.

या अनुभवामुळें आम्ही संग्राहकांस आग्रहानें विनवितों कीं, रुमाल फोडूं नये. मोहोरबंद सनद व शिक्क्याचें पत्र तेवढें काढून घेऊन थळझाडा, खानेसुमारी, ताळेबंद व खळ्यावरच्या फुटकळ यादी रद्दीस घालणें, ही रीत अद्यापि चालू आहे, आणि बाजारांत किंमतहि तशीच येते. सनद राजाची असते. गांव असतो तो या यादींत. राजवाड्यांनीं साधनांच्या खंडांतून वतनाचे कागद छापले तेव्हां त्यांतील रटाळ वाटणाऱ्या नांवांच्या ओळी गाळल्या असत्या, तर आज बलुत्यांची संख्या खरोखर बारा होती काय, हा प्रश्नच कोणास विचारतां आला नसता. ती सर्वत्र बारा नव्हती. ग्रँट डफच्या वेळेपासून छापील यादींत बारा बलुते व बारा अलुते डौलानें उभे आहेत. परंतु प्रत्यक्ष महजरावर निशाण्या करणारे गांवोगांव कमीअधिक आहेत, आणि एका ठिकाणचा अलुता दुसऱ्या ठिकाणीं बलुता आहे. फुकाझावा या जपानी पंडितानें १९७२ सालीं अठराव्या शतकांतील मराठी कागदांवरून असें दाखविलें कीं, बलुतेदार हा एकेका कुटुंबाचा चाकर नसून सबंध गांवाचा असे. हें मान्य केलें तर ‘गांव’ हा कामावर लावणारा व वेतन देणारा असा एक पुरुषच ठरतो. आणि भाष्यकाराच्या चार अर्थांत पांचव्याची भर पडते.

येथें ‘गांवगाड्या’कडे परत येऊं. आत्र्यांचा ग्रंथ सुधारकाचा आहे. वंशपरंपरेच्या वृत्तींनीं काम बुडतें व दाणा मात्र जातो, रोखीनें चाकरी घ्यावी, फिरस्त्यांचा ताप आवरावा, हें त्यांस दाखवावयाचें होतें. त्या दृष्टीनें त्यांनीं एकाच रूपाचा गांव पुढें ठेविला यांत दोष नाहीं. गाड्याची उपमाहि त्यास साजेशी: ओझें फार, बैल एक. दोष आहे तो वादासाठीं केलेल्या त्या चित्रास कोश समजणाऱ्या आमच्यांत. इंग्रजी अमलाच्या शेवटच्या अर्धशतकांत, पाहणी-जमाबंदी होऊन, कुळकर्ण्याचें दप्तर मामलेदाराच्या हाताखालीं आल्यावर जो गांव उरला, तो आत्र्यांनीं पाहिला. गोतसभा बसून निवाडा देत होती तेव्हांचा गांव त्यांनीं पाहिला नव्हता, तसा दावाहि त्यांचा नाहीं.

याउलट डॉ. टॉमस कोट्स यानें पुण्याजवळील लोणीचें जें वर्णन लिहिलें, तें १८२३ त मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत छापलें गेलें. पेशवाई नुकतीच बुडाली होती. कोट्स परदेशी वैद्य. त्यास आत्र्यांची भाषा नाहीं, कुणब्याचा कळवळा नाहीं. परंतु त्यानें एकच गांव घेतला व त्याचें नांव सांगितलें. म्हणूनच घुर्ये यांस त्याच लोणीकंदास पुन्हां जाऊन १९६० सालीं तेव्हांचा व आतांचा अशी तुलना करतां आली. ‘गांवगाड्या’तील गांवास नांव नाहीं. तो सर्व ठिकाणीं आहे म्हणून कोठेंच पुन्हां जाऊन पाहतां येत नाहीं, ही आमच्या मतें त्या थोर ग्रंथाची एकमेव खरी उणीव होय.

ग्रंथाची नवी आवृत्ति काढणारांनीं मूळ मजकुरास हात लावूं नये. शब्दसूचि मात्र नवी करावी, आणि प्रत्येक शब्दापुढें तो देशावरचा, कोंकणचा, वऱ्हाडचा कीं सर्वत्रचा, याची खूण करावी. ‘गांव’ शब्दापुढें तर ती अवश्य असावी. २०२० पासून गांवठाणांची ड्रोनच्या साहाय्यानें मोजणी होऊन मिळकतपत्रें दिलीं जात आहेत. त्या नकाशांत पांढरीची रेघ जेथें पडेल तेथें ती पुष्कळ काळ राहील; वाड्यापाड्यांच्या जुन्या याद्या कोणाजवळ असतील तर त्या बाहेर काढण्यास याहून निकडीची वेळ नाहीं.

वर ज्या खानेसुमारीचा उल्लेख केला तिचा पहिला बंद गहाळ आहे. कागद अरुंद, दौलताबादी घाटाचा, अक्षर वळणदार, शेवटीं ‘मोर्तब सूद’ आहे. सालाचा अंक पहिल्या बंदाबरोबर गेला. असा सुटा बंद कोणा संग्राहकाच्या रुमालांत असल्यास त्यानें त्याची नक्कल संपादकांच्या पत्त्यावर पाठवावी. टपालखर्च आम्ही देऊं.